खुंटीवरचा पट्टा

मी भांडखोर माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं वाचताना कुणाला तरी वाटायचं, बिचाऱ्याला फसवलं बघा. फसवलंबिसवलं कुणी नाही. भांडलो मी, बोंबललो मी, आणि ऐनवेळी उलटा बोललो तोही मीच. ते बोललेलं खरं होतं का खोटं, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. बायको म्हणते, "रिटायर झालासा, आता तरी सोडा की." सुटत नाही. म्हणून लिहायला घेतलंय.

कोल्हापुरात फायर स्टेशनला मी फायरमन होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट, घरोघरी फोनसुद्धा नव्हते तेव्हाची. माझी पाळी सकाळची, सहा ते दोन. बंबावर प्रत्येकाला नंबर असतो. एक नंबर गाडी चालवणार, दोन नंबर पंप बघणार. मी तीन नंबर. पाण्याची टाकी आणि पाईप ही तीन नंबरची जबाबदारी. आगीचा फोन आला की आम्ही म्हणायचो 'वर्दी आली', आणि वर्दीची घंटा वाजली की तोंडातला घास टाकून पळायचं. पाळी बदलायची खूण वेगळी. अंगणात रुळाचा एक तुकडा टांगला होता, त्यावर टोला हाणायचे. दोनचा टोल झाला की आमची सुट्टी.

म्हणजे खरंतर टोल झाला की सुट्टी होत नव्हती, आणि सगळा घोळ तिथंच आहे. आमच्याकडं एक रीत होती. कमरेला जाड रुंद पट्टा असायचा, त्याला कुऱ्हाड अडकवायची सोय. हा पट्टा माणसाचा नाही, नंबराचा. सुटणाऱ्या तीन नंबरनं तो कमरेचा काढायचा आणि येणाऱ्या तीन नंबरच्या हातात द्यायचा. बाकावर ठेवायचा नाही, खुंटीला अडकवायचा नाही. हातातनं हातात. देताना तोंडानं सांगायचं, टाकी फुल्ल आहे, पाईप इतके आहेत, एक फाटलाय तो वाळत टाकलाय. येणारा म्हणणार "घेतला", रजिस्टरात वेळ घालून सही करणार, आणि मग सुटणारा मोकळा. मी नवीन असताना एका म्हाताऱ्या फायरमननं मला पट्टा खुंटीला लावताना बघितलं आणि सगळ्यांदेखत असा झापला की बास. म्हणाला, "पट्टा खुंटीवर म्हंजे बंब बेवारशी. बेवारशी बंबावर तुझा बा जाणार हाय काय?" परत कधी मी ते केलं नाही. त्या एका दिवसापर्यंत.

माझ्याकडनं पट्टा घ्यायचा तो जोडीदार कागलकडचा. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, मला अण्णा म्हणायचा. कामाला वाघ आणि बोलायला मुका. सहा वर्षं रोजंदारीवर राबत होता. त्याचे कायम व्हायचे कागद एकदाचे वरच्या टेबलावर पोचले होते, सहीचीच काय ती वाट. कायम माणसाला काढायचं तर चौकशी, नोटीस, अपील, सतरा भानगडी. रोजंदारीवाल्याला फक्त म्हणायचं, उद्यापासनं येऊ नकोस. त्यामुळं तो सगळ्यांना भिऊन असायचा. साहेबाला भ्यायचा, युनियनला भ्यायचा, आणि मला तर फारच.

मग महापालिकेच्या ऑफिसातनं तो हुकूम आला. जागा भरत नव्हते, माणूस पुरत नव्हता, म्हणून फळ्यावर कागद लागला की दुसऱ्या पाळीत माणूस कमी असेल तर सुटणाऱ्या पाळीतल्या माणसानं सक्तीनं दोन तास थांबायचं. नाही म्हणायची सोय नाही. मी तो कागद वाचला आणि डोकं सटकलं माझं. अहो, थांबत का नव्हतो आम्ही? आग पेटलेली असताना घड्याळ बघणारा फायरमन मी तरी बघितला नाही. सणावाराला थांबलोय, पुराच्या पाण्यात दोन-दोन दिवस काढलेत. पण मनानं थांबणं वेगळं आणि गळ्यात दावं बांधून थांबवणं वेगळं. पैसे देणार होते, ते नव्हतं भांडण. भांडण वेळेचं होतं.

माझी वेळ अडीचची होती. पोरगी पहिलीत. शाळा अडीचला सुटायची आणि शाळेसमोर ट्रकचा रस्ता. बायको एका कपड्याच्या दुकानात शिवणावर, ती सातला घरी यायची. दोनला सुटून, सायकल हाणून, अडीचला शाळेच्या पायरीवर पोचायचं, हे माझं काम. हुकूम आल्यावर पहिल्याच आठवड्यात दोनदा माझं नाव लागलं. दोन्ही वेळा पोरगी साडेचारपर्यंत पायरीवर बसून होती. दुसऱ्या वेळी गेलो तर दप्तर मांडीवर घेऊन झोपलेली. शाळेचा शिपाई म्हणाला, "पावणं, उद्या काय झालं तर आमच्या नावानं बोंब मारू नगासा." घरी बायकोनं तोंड उघडलं ते वेगळंच. "एवढी मोठी युनियन तुमची, पोरीला आणाय येती काय?" म्हणाली. मी म्हटलं, "येईल. बघच तू."

आणि मग युनियनच्या मिटिंगमध्ये मी जे काय भाषण ठोकलंय! आमचा सेक्रेटरी पाणीपुरवठ्याकडचा जुना कामगार, त्याला माईक लागायचा नाही एवढा आवाज, तोही गप्प बसून ऐकत होता. ऑफिसचं म्हणणं असं होतं की तुमचीच रीत आहे, हातात पट्टा दिल्याशिवाय फायरमन सुटत नाही, मग घेणारा नसला तर थांबा की. म्हणजे आमचाच पट्टा आमच्याच पाठीत. मी उठून ओरडलो, "मग रीतच मोडा! टोल झाला की ड्यूटी संपली. पट्टा खुंटीला लावायचा आणि गेटच्या भाईर!" टाळ्या पडल्या. ठराव झाला. दुसऱ्या पाळीनंही पाव तास आधी यायचं बंद, टोललाच गेटात पाय टाकायचा. जाणाऱ्यानं काही सांगायचं नाही, येणाऱ्यानं काही विचारायचं नाही, रजिस्टरात सही नाही. जोडीदार मागं भिंतीला टेकून उभा होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "अण्णा, मी काय करू?" मी म्हटलं, "मी करतो ते कर."

दहा-बारा दिवस झकास चाललं. दोनचा टोल, खुंटीवर पट्टे, सगळे सायकलींवर. ऑफिस चरफडत होतं आणि मी अडीचला शाळेच्या पायरीवर. पोरगी लांबनंच हात करायची. मला वाटलं, जिंकलो.

त्या दिवशी दीडच्या सुमाराला रस्त्याकडेच्या गवताची एक वर्दी झाली. किरकोळ, पण टाकी जवळजवळ संपली. दोनला पाच कमी असताना परत आलो. मी टाकीत पाईप सोडला. भरायला चांगली वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दोनचा टोल झाला तेव्हा पाव टाकीसुद्धा भरली नव्हती. तसाच सोडून गेलो तर पाणी वर येऊन अंगणभर होणार, म्हणून मी कॉक बंद केला. का बंद केला? कारण टोल झाला होता. कारण मीच ठरवलं होतं. पट्टा खुंटीला लावला, सायकल काढली. गेटात जोडीदार समोरनं आला. मी त्याला सांगणार होतो, लेका टाकी बघ. शपथेवर सांगतो, ओठावर आलं होतं. पण बोलायचं नाही असं ठरलेलं, सेक्रेटरीचा एक माणूस समोरच्या टपरीवर बसलेला, आणि मला वाटलं, बघेल की तो, आंधळा आहे काय. त्याला काय वाटलं ते नंतर कळलं. सहा वर्षांत मी त्याला एकदाही रिकामी टाकी दिलेली नव्हती. तो कशाला बघतोय?

मी गेटाबाहेर पडलो आणि वर्दीची घंटा वाजली.

आता इथनं पुढं मी काय केलं ते सांगू शकतो, का केलं ते विचारू नका. वीस वर्षं ती घंटा ऐकून पायांना सवय लागलेली असते, डोक्याला विचारत नाहीत ते. सायकल गेटाला टेकवली, पळत आलो, खुंटीवरचा पट्टा ओढला आणि तीन नंबरच्या जागेवर चढलो. त्याच क्षणी जोडीदार खुंटीजवळ पोचला. खुंटी मोकळी. तोही बंबाच्या फळीवर चढला. एक जागा, एक पट्टा, दोन माणसं. मला लगेच खाली उतरता आलं असतं. त्याची पाळी होती, त्याचं काम होतं, माझी सुट्टी झाली होती, हेच तर मी महिनाभर घसा फोडून सांगत होतो. आणि मी उतरलो नाही. उलट त्याच्यावर ओरडलो, "उतर! पोरीला आण जा शाळेतनं! सायकल गेटाला हाय!"

आणि तो उतरला की हो. सहा वर्षं मी सांगेन ते ऐकायची सवय. गाडी हलली तेव्हा तो माझ्या सायकलकडं पळत निघालेला मला दिसला.

गाडी नदीकडच्या वळणावर आली आणि हलकी झोकांडली. भरलेला बंब वळणावर जड चालतो, बसणाऱ्याला बुडाखाली कळतं. तेव्हा मला आठवलं. टाकी. एक नंबर गाडी मारतोय, दोन नंबर पुढं बघतोय, आणि मला एकट्याला माहिती की आपण जवळजवळ रिकामी गाडी घेऊन आगीवर निघालोय. दोन-तीन मिनिटं मी गप्प बसलो, मगच सांगितलं. हेही लिहून ठेवतो, कारण जबाबात हे मला कुणी विचारलं नाही.

आग एका गुऱ्हाळाला लागली होती. गूळ करायचं छप्पर आणि शेजारी चिपाडांचा मोठा ढीग. ढीग पेटला होता, छप्पर अजून वाचण्यासारखं होतं. पाणी मारायला सुरुवात केली आणि बघता बघता पाईप लुळा पडला. गुऱ्हाळवाला आमच्याकडं बघतच राहिला. "पावणं," म्हणाला, "पाणी न्हाय? मग काय घिऊन आलायसा, हवा?" विहिरीत पाणी खोल गेलेलं, आमचा पाईप पोचेना, आणि वीज गेलेली म्हणून मोटार बंद. शेवटी तिथले गडी आणि आम्ही बादल्या घेऊन उसाचा रस फेकायला लागलो. हसू नका. टाकीभर काढून ठेवलेला रस आगीवर ओतला आम्ही. वायरलेसवर मागवलेली दुसरी गाडी आली तोवर छप्पर खाली बसलं होतं. माणूस, जनावर काही दगावलं नाही, एवढंच. पण त्या माणसाचा हंगाम गेला. तो नंतर शिव्यासुद्धा देत नव्हता, नुसता धुराकडं तोंड करून उभा होता. मला वाटत होतं ह्यानं एक तरी ठेवून द्यावी मला.

पाचच्या पुढं स्टेशनला आलो. शर्टाला रस वाळून चिकट झालेला. जोडीदार मोकळ्या खुंटीजवळ उभा होता. पोरीला शाळेतनं आणून आमच्या शेजारच्या काकूंकडं पोचवून तो परत आला होता आणि तेव्हापासनं तसाच उभा. हात पुढं करून म्हणाला, "पट्टा द्या, अण्णा." मी दिला. मग म्हणाला, "टाकी?" मी म्हटलं, "रिकामी." त्यानं मान हलवली आणि पाईप लावायला गेला.

चौकशी लागणारच होती, लागली. आमचे साहेब तसे सरळ माणूस. त्यांनी मला आधीच बोलावून सांगितलं की प्रश्न एकच आहे. वर्दी आली तेव्हा तीन नंबरची ड्यूटी कुणाची होती? त्या दिवशीचं रजिस्टर कोरं, त्यामुळं तू सांगशील ते. मी बाहेर आलो आणि हिशेब लावायला बसलो, आणि जसजसा लावत गेलो तसतसं डोकं फिरायला लागलं.

टोलला ड्यूटी संपली असं धरलं, तर तीन नंबर जोडीदार. मग तो ड्यूटीवर असून वर्दीला गेला नाही, सायकल मारत शाळेत गेला. रोजंदारीवाला. उद्यापासनं येऊ नकोस. मी पाठवलं म्हणावं, तर टोलनंतर मी ड्यूटीवरच नव्हतो, त्याला पाठवणारा मी कोण? आणि पट्टा हातात दिल्याशिवाय ड्यूटी संपत नाही असं धरलं, तर तीन नंबर मीच. तो अजून कामावर चढलेलाच नव्हता, कुठंही जावो. टाकी माझी, चूक माझी. तो वाचतोय. पण मग ऑफिस म्हणतंय तेच खरं, सक्तीचा हुकूम खरा, आणि मी मिटिंगमध्ये बोललेला शब्द न् शब्द खोटा.

जबाबाच्या सकाळी सेक्रेटरी मला मिसळ खायला घेऊन गेला. तर्री वाढून घेत म्हणाला, "हे बघ भावा. एकच वाक्य बोलायचं. दोनचा टोल झाला, माझी ड्यूटी संपली, पुढं मी मनानं गाडीवर चढलो. बास. तुझ्यावर कायबी येत न्हाय."

"आणि त्याचं काय?"

"त्याचं बघू की. युनियन हाय."

"काय बघणार? तो कायम न्हाय. त्याला काढला तर तुम्ही काय करणार?"

तो खाता खाता थांबला. म्हणाला, "मर्दा, दोनशे माणसाची लढाई हाय ही. तूच पेटवलीस. एका माणसापायी इझवतोस व्हय?"

त्याचं चुकलं होतं काय? मला तेव्हाही वाटलं नाही चुकलं म्हणून, आजही वाटत नाही. दोनशे घरं होती, त्यातल्या कितीतरी घरांत माझ्या पोरीसारखं कुणीतरी पायरीवर बसलेलं असणार. त्याचा राग यायला पाहिजे होता म्हणजे सोपं झालं असतं. मला रागच येईना, आणि माझ्यासारख्या माणसाला राग आला नाही की काय करावं तेच कळत नाही.

जोडीदार ऑफिसबाहेरच्या बाकावर होता. धुतलेला शर्ट घालून आला होता, जसा काही कायमचा कागद घ्यायला आलाय. मी म्हटलं, "काय सांगू रे?" तो म्हणाला, "तुम्ही म्हंशीला तसं, अण्णा." मी चिडलो. "आरं, तुला काय वाटतंय ते सांग की मुकन्या!" तर म्हणाला, "मला कुठं काय कळतंय? तुम्ही उतर म्हणलासा, उतरलो."

आत गेलो. साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "पट्टा हातात दिला नव्हता, साहेब. खुंटीला लावला होता. तीन नंबर मीच." लिहून घेतलं, मी सही केली. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि कागद फिरवून घेतला. बाहेर आलो आणि कुणाकडं न बघता गेटाकडं चालायला लागलो.

आता हे मी त्याला वाचवायला बोललो की मला आतनं तेच खरं वाटत होतं? देवाशप्पथ सांगता येत नाही. कधी वाटतं, खोटं बोललो, पण चांगल्यासाठी. कधी वाटतं, त्या म्हाताऱ्या फायरमननं झापलं होतं तेच खरं, आणि मिटिंगमध्ये मी जे बोललो ती नुसती मस्ती. घंटा झाल्यावर मी खाली का उतरलो नाही ह्याचं उत्तर सापडलं असतं तर हेही सापडलं असतं. नाही सापडलं.

मला टाकीपायी महिनाभर सस्पेंड केलं. जोडीदाराला काही झालं नाही. आणि आठवड्यात फळ्यावर नवा कागद लागला: पट्टा हातात दिल्याशिवाय आणि घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय कुणीही सुटणार नाही, तीन नंबरच्या जवानानं स्वतः तसं लिहून दिलेलं आहे. माझ्या नावानं लावला हो कागद. स्टेशनात माझं नाव फितूर पडलं. बायको म्हणाली, "म्हंजे आता दोन्हीकडनं गेलासा की!" तो महिना पोरगी मात्र खूश. रोज अडीचच्या आधीच बाप पायरीवर हजर. परत येताना सायकलच्या नळीवर बसून शाळेतलं सगळं सांगायची, आणि मी व्हय व्हय म्हणत असायचो.

महिन्यानं कामावर गेलो. सकाळपासनं कुणी माझ्याशी बोललं नाही. चहा आला, सगळ्यांना दिला, माझ्यापुढनं ट्रे गेला. ठीक आहे, म्हटलं. एवढं तर होणारच. दोनचा टोल झाला. दुसरी पाळी आत आली. मी पट्टा काढून हातात धरून उभा राहिलो, नियमाप्रमाणं. एक नंबरचा पट्टा एक नंबरनं घेतला. दोनचा दोननं. बाकीचेही गेले. जोडीदार आलाच नव्हता. दुसऱ्या पाळीचे सहा-सात जण समोर उभे होते. कुणीही घेऊ शकला असता, तेवढं चालायचं. मी हात पुढं केला. एकानंही हात उचलला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ठरवून आले होते. ह्याच्या हातातला पट्टा घ्यायचा नाही. माझीच सही, माझाच नियम. पट्टा कुणी घेतला नाही तर मी सुटतच नाही. आज नाही, उद्या नाही.

मी म्हटलं, "आरं, पोरगी पायरीवर हाय माझी." कुणीतरी मागनं म्हणालं, "मग लिहून द्यायच्या आधी इचार करायचा हुतास."

राग आला, असा आला की पट्टा फेकून निघावं. पण फेकला असता तर पुन्हा तेच, बेवारशी बंब. गुऱ्हाळवाल्याचं तोंड डोळ्यापुढं आलं. सव्वादोन झाले, अडीच झाले. मी उभाच. रुळाच्या तुकड्यावर एक कावळा येऊन बसला होता, तो उडाला, परत आला. तीन वाजले तेव्हा गेटात सायकल दिसली. जोडीदार होता आणि पुढं नळीवर दप्तर घेऊन माझी पोरगी.

त्यानं तिला अंगणात उतरवलं. सायकल स्टँडला लावली, घाम पुसला आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिला. मी पट्टा पुढं केला. त्यानं हात मागं बांधले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला सगळ्यांदेखत नाही म्हटलं. "तुमच्या हातातनं घ्यायचा न्हाय, अण्णा. ठरलंय आमचं."

मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. डोळ्यांत पाणी आलं. ह्याच्यापायी मी काय काय गमावलं, असं एकदम मनात आलं, आणि हे मनात आल्याची लाजही वाटली. पोरगी माझ्या पँटीला धरून विचारत होती, "पप्पा, सुटलासा? चला की." मी म्हटलं, "न्हाय बाळा अजून."

"का?"

"पट्टा कुणी घेईना."

"द्या हिकडं," म्हणाली. लहान पोरांना वाटतं, जड सामान हातात आहे म्हणून बाप अडलाय. तिनं दोन्ही हातांनी पट्टा ओढून घेतला. तो तिच्यापेक्षा लांब, अर्धा जमिनीवर लोळायला लागला.

जोडीदार वाकला आणि तिच्या हातातनं पट्टा घेतला. "घेतला," म्हणाला. मागनं एकजण गुरकावला, "ए, काय ठरलंय?" तर हा वळून म्हणाला, "ह्यांच्या हातातनं न्हाय घ्यायचा, ठरलंय. पोरीच्या हातातनं न्हाय घ्यायचा असं कुणी म्हणलंय?" एकदोघं हसले. बाकीचे हसले नाहीत, पण पुढंही कुणी आलं नाही. मग तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "टाकी?" मी म्हटलं, "फुल्ल." तो रजिस्टराकडं गेला, उभ्याउभ्याच लिहिलं, सही केली आणि गाडीकडं गेला.

मी पोरीला घेऊन निघालो. जाताना रजिस्टर उघडंच होतं, नजर गेली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यानं लिहिलं होतं, पट्टा घेतल्याची वेळ: दोन.

त्यानं ते माझ्यासाठी लिहिलं, का टोलला ड्यूटी संपते हे युनियनचं म्हणणं धरून लिहिलं, का स्वतःला उशीर झाला तो झाकायला लिहिलं, मला कळलं नाही. पुढं तो कायम झाला, आम्ही कितीतरी वर्षं एकाच नंबरावर काढली, हजारदा मी त्याला पट्टा दिला आणि त्यानं घेतला. विचारायचं राहूनच गेलं. त्या दिवशी मात्र सायकल गेटाबाहेर काढली तेव्हा पोरीनं विचारलं, "पप्पा, काका तुमच्यावर चिडलेत?" आणि मी तिचं दप्तर हँडलला अडकवलं, तिला नळीवर बसवलं आणि पायडल मारलं.